दोघांच्या गोळ्या दिसायला सारख्याच

दोंडाईच्यात आमचं मॅचिंग सेंटर आहे. बाई साडी घेऊन येते, मी तिला त्या रंगाचा ब्लाऊजपीस, अस्तर, फॉल काढून देते. आमच्या धंद्यात लाल हा एक रंग नसतो. कुंकवाचा लाल वेगळा, डाळिंबी वेगळा, मिरचीचा वेगळा. माझा हात बरोबर त्या गठ्ठ्यावर जायचा, म्हणून शिंदखेड्याच्या बायकाही माझ्याकडे यायच्या.

त्यातलीच एक ओळखीची बाई ऐन लग्नसराईत परत आली आणि शालू नि ब्लाऊजपीस दोन्ही काउंटरवर टाकून म्हणाली, "ताई, नवरीचा शालू लालभडक, आणि तुम्ही हे विटकरी काय देऊन ठेवलं?"

मी दोन्ही कापडं बाहेर उजेडात नेली. मला ती सारखीच दिसत होती. बाई वैतागून बघत उभी. काय वाटलं कोण जाणे, मी उजवा डोळा झाकला. डाव्या डोळ्याने शालू लाल होता आणि पीस विटकरी. मग डावा झाकला. उजव्याने दोन्ही विटलेले, धुऊन धुऊन उडालेले. मी तिची माफी मागितली, कापड बदलून दिलं आणि स्टुलावर बसून राहिले. डोळा फिरवला की आत दुखतही होतं. ते मी कित्येक दिवस जागरणाच्या नावावर खपवलं होतं.

निदानाचा दिवस

गावातल्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासलं आणि म्हणाले, "चष्म्याचं काम नाही हे. धुळ्याला मेंदूच्या डॉक्टरांना दाखवा." माझे मिस्टर मिलिंद जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहेत. त्यांनी रजा टाकली.

एमआरआयच्या नळीत पडल्यावर कापसाच्या जिनिंगच्या मशीनमध्ये डोकं घातल्यासारखा आवाज होतो. कोणी पहिल्यांदा जाणार असेल तर सांगते, डोळे आत जायच्या आधीच मिटून घ्या आणि बाहेर येईपर्यंत उघडू नका. मी मध्येच उघडले आणि घाबरले.

डॉक्टरांनी फिल्म उजेडावर धरून पांढरे ठिपके दाखवले. "मल्टिपल स्क्लेरोसिस," ते म्हणाले. शरीराची रोगाशी लढणारी यंत्रणा चुकून आपल्याच नसांचं आवरण खाते, असं काहीसं त्यांनी समजावलं.

मिलिंदनी विचारलं, "बरं होतं ना, सर?"

"ताब्यात ठेवता येतं."

मिलिंदनी तोच प्रश्न पुन्हा वेगळ्या शब्दांत विचारला. डॉक्टरांनी तेच उत्तर दिलं. मला आमची मुलगी सांची झाली त्यानंतरचे दिवस आठवले, ते मी डॉक्टरांना सांगितले. तेव्हा महिनाभर माझे पाय बधिर होते आणि सगळे म्हणाले, बाळंतपणाचा अशक्तपणा आहे. तो कदाचित पहिला झटका असावा, असं डॉक्टर म्हणाले.

बाहेर पडून आम्ही स्टँडसमोर भजी खाल्ली. ऐकायला विचित्र वाटेल, पण मला कडकडून भूक लागली होती. मिलिंद खात नव्हते. मी त्यांच्या प्लेटमधलीही खाल्ली. मग बसमध्ये बसल्यावर त्यांनी माझा हात धरला. आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, त्यांनी एसटीत माझा हात कधी धरला नव्हता. तेव्हा मला रडू आलं.

दवाखान्यातलं

स्टेरॉइडच्या सलाइनसाठी ॲडमिट केलं. तोंडात सतत लोखंड चघळल्याची चव. चेहरा पुरीसारखा फुगला. सकाळी राउंड, मग सुई, मग थांबणं. थांबणं हाच तिथला मुख्य उद्योग. रोज एक सिस्टर सलाइन लावताना माझ्या जिभेवर वेलदोड्याचा दाणा ठेवायची. कोणी सांगितलं नव्हतं तिला. "चव जाते थोडी," एवढंच म्हणायची.

डोळा हळूहळू सुधारला. पूर्ण नाही. मग रोजचं औषध सुरू झालं आणि मी दुकानात परतले. रंग आता मी डाव्या डोळ्याने ठरवते.

नवीन शत्रू निघाला उन्हाळा. या आजारात अंग तापलं की नसा साथ सोडतात, आणि आम्ही राहतो खानदेशात. एप्रिल उजाडला की माझे पाय ओल्या गोधडीसारखे जड. ओला टॉवेल मानेवर, कूलर अंगावर, आणि दुपारी दुकानाचं शटर अर्धं खाली.

जळगावचा निरोप

धुळ्याच्या डॉक्टरांनीच पुढे सुचवलं, की जळगावच्या एका मोठ्या रुग्णालयात या आजारावर एक ट्रायल सुरू होते आहे, विचारून पाहा. आम्ही सकाळच्या गाडीने गेलो. तिथल्या मॅडम बोलायला स्पष्ट होत्या.

त्यांनी सांगितलं ते मला समजलं तसं लिहिते. एक विषाणू आहे. तो लहानपणी जवळपास सगळ्यांना होऊन जातो आणि मग जन्मभर शरीरात गपचूप पडून राहतो. बहुतेकांना त्याचा काही त्रास नाही. पण हा आजार पेटण्यात त्याचा हात असावा, असं संशोधकांना वाटतं. म्हणून चालू औषध तसंच ठेवून वर विषाणूविरोधी गोळी दिली तर फरक पडतो का, हे तपासायचं होतं. निम्म्या लोकांना खरी गोळी, निम्म्यांना हुबेहूब तशीच, पण आत औषध नसलेली. कोणाला कुठली ते आम्हालाही ठाऊक नाही आणि मॅडमनाही नाही. ट्रायल संपल्यावर मात्र ज्याला हवी त्याला खरी गोळी मिळणार होती.

"मग फायदा काय?" मिलिंदनी विचारलं.

"तुमच्या मिसेसना होईलच असं मी म्हणणार नाही," मॅडम म्हणाल्या. "औषध चालतं की नाही ते कळेल. आणि मधे केव्हाही सोडायची मुभा आहे, त्यासाठी कारणही द्यावं लागणार नाही."

मग त्या माझ्याकडे वळल्या. "आणखी एक. ट्रायल दोन वर्षं चालेल. त्या काळात गरोदर राहून चालणार नाही. दर भेटीला तपासणी होईल."

मला दुसरं मूल हवं होतं. हे मी कोणाशी फारसं बोलत नसे. सासूबाईंना नातू हवा होता, तो विषय घरात जाता येता निघायचा. पण माझं हवं असणं त्यांच्यापेक्षा वेगळं होतं. मी स्वतः एकटी वाढले. सांचीला कोणीतरी असावं, एवढंच. मी पस्तिशी ओलांडली होती. दोन वर्षं म्हणजे माझ्यासाठी थोडी नव्हती.

परतीच्या गाडीत अमळनेर मागे पडलं. मग मिलिंद म्हणाले, "तू ठरव. मी काहीही म्हणालो तरी उद्या तुला वाटेल की माझ्यामुळे झालं."

तेव्हा मला त्यांचा राग आला. वाटलं, एवढं ओझं एकटीवर टाकलं. पण ठरवलं मीच. झटका पुन्हा आला आणि दुसरा डोळा गेला, तर आहे त्या मुलीलाही नीट पाहता येणार नाही, असा हिशेब केला आणि हो म्हणाले.

वेगळा पेला

सासूबाईंना आम्ही सगळे अक्का म्हणतो. त्यांना ट्रायल मुळीच पटली नाही.

"दवाखानावाला तुनावर औसद करी देखतस का? तू काय उंदीर शे?" त्या त्यांच्या अहिराणीत म्हणाल्या. आणि मूल लांबणीवर पडणार हे कळल्यावर तर त्यांनी माझ्याशी बोलणंच टाकलं.

त्यात मिलिंद बोलता बोलता विषाणू म्हणून गेले. अक्कांनी तेवढाच शब्द धरला. दोनेक दिवसांनी मी पाणी प्यायला गेले, तर माठापाशी माझा स्टीलचा पेला बाजूला, खिडकीत पालथा ठेवलेला. सांचीचं अंथरूण अक्कांच्या खोलीत गेलेलं. त्याच पेल्याने पाणी प्याले आणि तिथेच परत ठेवला.

मिलिंदना ते संध्याकाळी दिसलं. ते शांत माणूस आहेत, शाळेतही आवाज चढवत नाहीत. त्यांनी पेला उचलला आणि अक्कांसमोर नेऊन ठेवला.

"अक्का, आपल्या घरात वेगळा पेला?"

एवढंच म्हणाले. आमचं घर बौद्ध. अक्कांच्या सासऱ्यांना पाणी वरून ओतून मिळायचं, हे अक्कांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं. त्यांच्या चेहऱ्यावरचा रंगच उतरला.

"मन्हा ध्यानमा नही ऊनं रे," त्या कशाबशा म्हणाल्या.

"तो विषाणू तुझ्यातही असेल, माझ्यातही असेल. आणि तिला झालेला आजार कोणाला लागत नाही."

अक्का उठल्या, पेला घासून इतर पेल्यांत ठेवला. सांची मात्र बरेच दिवस आजीकडेच झोपली, कारण तिला तिथे गोष्टी मिळायच्या. अक्का माझ्याशी बोलायला लागल्या, पण ट्रायलला त्यांचा नकार तो नकारच राहिला. "दुसरं लेकरू" हा शब्द त्यांनी त्यानंतर काढला नाही.

प्रल्हादभाऊ

ट्रायलच्या भेटी म्हणजे दिवसभराचं काम. रक्त द्यायचं, नळीत थुंकी द्यायची. भरल्या खोलीत थुंकी गोळा करणं मला शेवटपर्यंत जमलं नाही, मी पदर आडवा धरायचे. मग छोट्या खुंट्या भोकांत बसवायच्या, अक्षरं वाचायची, ठरलेलं अंतर चालून दाखवायचं.

तिथेच असोद्याचे प्रल्हादभाऊ भेटले. केळीचे बागायतदार, पन्नाशीला आलेले, हातात काठी. सोबत त्यांच्या पत्नी, निर्मलावहिनी. पहिल्याच भेटीत त्यांनी माझी गोळी मागितली आणि स्वतःची शेजारी धरली.

"पाहा ताई, रंग तोच, वजन तेच. मले काय वाटते, माझी साखरेची हाय, औषद नसलेली."

"कशावरून?"

"माझं नशीब मले माहीत हाय ना," असं म्हणून ते हसले.

मला मात्र पहिल्यापासून वाटत होतं की माझी खरी आहे. कारण काही नाही. बहुधा मूल लांबवून घेतलेली गोळी खोटी निघणं मला परवडणारं नव्हतं.

दर भेटीला आम्ही शेजारी बसायचो. ज्यांना हा आजार नाही त्यांना समजावावं लागतं अशा कितीतरी गोष्टी त्यांना सांगाव्याच लागायच्या नाहीत. मान खाली घातली की पाठीतून वीज जाते, म्हटलं की ते "हां" म्हणायचे, बस. थकवा म्हणजे झोप येणं नव्हे, हेही त्यांना माहीत होतं.

दुसऱ्या उन्हाळ्यात मी दुकानात कोसळले. पाय उचलेचनात. अक्कांनी सगळं खापर गोळीवर फोडलं, "बठ्ठं त्या गोयीनं शे. सोडी दे." मिलिंदही पहिल्यांदाच म्हणाले की सोडून टाकू. मॅडमनी एमआरआय केला. नवा ठिपका एकही नव्हता. उष्णतेने जुन्या जखमांनीच डोकं वर काढलं होतं. थंड खोलीत पडून राहिल्यावर पाय परत आले. झालं, माझी खात्री पटली. गोळी खरी आहे आणि ती काम करते आहे. मी सोडली नाही.

प्रल्हादभाऊंचं उलट चाललं होतं. एकदा ते चालायच्या चाचणीला गेले तेव्हा निर्मलावहिनी माझ्या कानाशी म्हणाल्या, "पोटरीपासून पाय घसटते त्यांचा. सांगू नको म्हनते. ट्रायलमधून काढून टाकतीन म्हने."

ते परत आल्यावर मी सरळ विचारलं. ते चिडले. "तुमच्या वहिनीनं सांगितलं ना?"

"भाऊ, तुम्ही लपवलंत तर त्यांना कळणार कसं? मग आपण कशाला येतो इथे?"

ते काठी टेकत मॅडमच्या खोलीत गेले. त्यांना काढलं नाही. झटका निघाला, स्टेरॉइड दिलं, आणि ट्रायल पुढे चालू राहिली. पण पुढच्या भेटीला ते चाकाच्या खुर्चीत आले.

"ताई, माझी साखरेचीच," ते म्हणाले. "म्हनून असं झालं. नंतर खरी देतीन तवा पाहू."

ते असं म्हणाले की निर्मलावहिनीही मान डोलवायच्या. त्या दोघांची त्यावर भिस्त होती.

कळलं तो दिवस

सगळ्या केंद्रांवरचं काम संपल्यावर मॅडमनी एकेकाला बोलावून सांगितलं. आधी विचारलं, "जाणून घ्यायचंय ना?" मी हो म्हणाले.

"तुम्ही औषध नसलेल्या गटात होतात."

मिलिंद म्हणाले, "म्हणजे काहीच नव्हतं त्यात?"

"नाही. त्यांचं चालू औषध आजार धरून होतं. आणि या एका माणसावरून नवीन गोळीबद्दल काहीच म्हणता येत नाही. सगळ्यांचं एकत्र पाहिल्यावरच कळेल. ते काम अजून चालू आहे." मग त्या म्हणाल्या की पुढच्या टप्प्यात ज्यांना हवी त्यांना खरी गोळी मिळेल, विचार करून सांगा. अट तीच, मूल नाही.

खरं सांगते, मला मॅडमचा राग आला. त्यांनी काहीही लपवलेलं नव्हतं, पहिल्या दिवशीच सगळं सांगितलं होतं, तरीही आला. माझी ती दोन वर्षं गेली होती. मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला आणि रडले. बाहेर आले तेव्हा व्हरांड्यात प्रल्हादभाऊंची खुर्ची होती. वहिनी भिंतीला टेकून उभ्या होत्या. दोघंही एकमेकांकडे पाहत नव्हते. मला कळलं.

मी हात केला आणि निघून आले.

आठवडाभराने मिलिंदना म्हणाले, असोद्याला जायचंय. आम्ही दोघांनी जळगावहून रिक्षा केली. प्रल्हादभाऊ ओसरीत खुर्चीवर बसले होते. वहिनींनी चहा आणला. बराच वेळ पाऊसपाणी, केळीचा भाव, पोरांच्या परीक्षा.

मग तेच म्हणाले, "खरी होती ताई माझी."

"हो. आणि माझी रिकामी."

"साखरेची होती तवर बरं होतं. वाटे, खरी भेटली म्हंजे उठीन." ते वहिनींकडे न बघता म्हणाले. "आता तेबी नाई राह्यलं."

इथे काहीतरी धीराचं बोलावं असं मला वाटलं. पण मी म्हणाले, "भाऊ, मी दोन वर्षं मूल थांबवलं होतं. रिकाम्या गोळीसाठी."

त्यांनी एकदम मान वर केली. हे त्यांना माहीत नव्हतं. मीही कोणाला सांगितलं नव्हतं.

"हे बोलल्या नाई तुमी कधी."

"कसं बोलणार?"

वहिनी माझ्या शेजारी येऊन बसल्या. माझ्या पाठीवर हात ठेवला. प्रल्हादभाऊ म्हणाले, "गोळीशिवाय असतो तं मी याहून खराब असतो का, का एवढाच, कोनाले सांगता येनार? मॅडमलेबी नाई." मग म्हणाले, "पुढच्यात राहनार हाय मी. चालू ठेवतो. तुमी?"

"मी नाही राहणार."

"मंग लवकर करा," ते म्हणाले, आणि निर्मलावहिनी त्यांच्यावर खेकसल्या, "बाईमान्साले असं बोलतेत का?" तेव्हा आम्ही चौघंही हसलो. त्या वाईट आठवड्यातलं ते एकच हसू.

त्यानंतर

घरी आल्यावर मी अक्कांना सगळं सांगितलं. गोळी रिकामी होती, पुढे राहणार नाही, आणि मॅडमच्या सल्ल्याने चालू औषध बदलून मूल होऊ द्यायचं म्हणते. गरोदरपणात हा आजार बहुधा शांत असतो, बाळंतपणानंतर मात्र पुन्हा उसळू शकतो, हेही लपवलं नाही.

मला वाटलं होतं अक्का खूश होतील. त्यांनी हातातली मेथीची जुडी खाली ठेवली.

"मन्हाकरता करू नको," त्या म्हणाल्या. "माले नातू नको. तू चालती-फिरती ऱ्हाय."

"तुमच्यासाठी नाही अक्का. मला हवंय."

त्या माझ्याकडे नीट बघत राहिल्या. इतकी वर्षं त्या माझ्या तोंडून हे ऐकत नव्हत्या, कारण मी म्हणतच नव्हते.

आज मला सातवा महिना आहे. पाय ठीक आहेत, उजवा डोळा होता तेवढाच आहे. ट्रायलचा एकत्रित निकाल अजून लागलेला नाही, लागला की कळवू असं जळगावहून सांगितलंय. प्रल्हादभाऊ खुर्चीतच आहेत, फोन करतात. बाळंतपणानंतर काय होईल याची मला भीती वाटते, आणि ती वाटत नाही असं मी सांचीलाही सांगत नाही.

गेल्या महिन्यात अक्कांनी आपली खाट उचलून आमच्या खोलीच्या दाराशी आणून टाकली. मिलिंदनी विचारलं, हे काय?

"लेकरू रडनं की मी उठसू," अक्का म्हणाल्या. "तिले झोपू दे."

मी म्हटलं, अक्का, अजून वेळ आहे.

"माहीत शे," त्या म्हणाल्या, आणि खाटेवर पडून त्यांनी डोळे मिटले.